कोअर किती, मेमरी किती? आवाजावर संशोधन करणाऱ्यांनी कॉम्प्युटर घेण्याआधी

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोन खरेद्या हमखास होतात. एक म्हणजे गाइडने सांगितलेली पुस्तकं आणि दुसरी म्हणजे लॅपटॉप. पुस्तक चुकीचं निघालं तर तीन-चारशे रुपये जातात. लॅपटॉप चुकीचा निघाला तर चार-पाच वर्षं त्याच्याचसोबत काढावी लागतात.

मागच्या महिन्यात इथल्याच, कामठीच्या एका मुलीचा फोन आला. तिला भजनी मंडळांच्या गायनावर काम करायचंय. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, थोडं विश्लेषण असं सगळं करावं लागणार. म्हणाली, "ताई, सहा कोअरवाला घेऊ की दहा कोअरवाला? दुकानदार म्हणते, मॅडम, जितके कोअर जास्त तितकं सॉफ्टवेअर पळते. आणि मेमरी आठ घेऊ की बत्तीस?"

फोनवर मी तिला अर्धा तास समजावलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हेच चार वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहितेय. यात कुठल्या कंपनीचा लॅपटॉप घ्या हे सांगणार नाही. ते सहा महिन्यांत शिळं होतं. कॉम्प्युटर आवाजावर काम करतो तेव्हा आत नेमकं काय चालतं, कोअर कुठे उपयोगी पडतात, कुठे पडत नाहीत आणि मेमरी कशाने भरते, एवढं कळलं की निवड तुमची तुम्हाला करता येते.

आधी माझी चूक

माझं काम कामठी आणि आसपासच्या भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या जुन्या कॅसेटवर आहे. कामठी हे बाबू हरदास एल. एन. यांचं गाव. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. इथल्या वस्त्यांमधे गाणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या आणि त्यातलं बरंच गाणं कुठेच छापलेलं नाही. घराघरांतून गोळा केलेल्या ६२ कॅसेट माझ्याकडे आहेत, आणि जे गायक हयात आहेत त्यांचं मी नव्याने रेकॉर्डिंग करते.

पहिल्याच वर्षी, मे महिन्यात, मी एका वृद्ध गायकांकडे गेले. चार माइक, ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप असा सगळा सरंजाम. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. टेबल नव्हतं म्हणून लॅपटॉप गादीवर ठेवला. हेडफोनमधे आवाज छान यावा म्हणून चारही ट्रॅकवर आवाज साफ करणारे प्लगइन चालू ठेवले. बफर सगळ्यात लहान ठेवला, कारण यूट्यूबवर कुणीतरी 'बफर जितका लहान तितकं चांगलं' असं सांगितलं होतं.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. मग त्यांनी एक लांब रचना सुरू केली. ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून तोंडी मिळाली होती. त्या रचनेभर हेडफोनमधे मधूनमधून 'टक्' असा आवाज येत राहिला. मला वाटलं, ऐकतानाच अडखळतंय, फाइल नीट असेल. घरी येऊन बघते तर फाइलमधेही तेच. प्रत्येक 'टक्'च्या जागी आवाजाचा एक बारीक तुकडा गायब होता.

दिवाळीनंतर परत जायचं ठरलं होतं. तोवर ते गेले.

त्या आठवड्यात मी रडून-चिडून ठरवलं की हा लॅपटॉप विकायचा आणि सोळा कोअरचं मोठं मशीन घ्यायचं. सुदैवाने पैसे नव्हते. पैसे नसल्यामुळे मी आधी कारण शोधायला बसले, आणि कारण कोअरचं नव्हतंच असं निघालं.

ऑडिओला वेळेची मुदत असते

रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग आपण ज्यात करतो त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. रीपर, आर्डर, क्यूबेस, एबलटन लाइव्ह ही त्यातली काही नावं. पुढे त्याला नुसतं डीएडब्ल्यू म्हणते.

४८ किलोहर्ट्झला रेकॉर्डिंग करताना दर सेकंदाला, प्रत्येक ट्रॅकमधे, ४८,००० आकडे येतात. एकेका आकड्यावर काम करायला कॉम्प्युटरला परवडत नाही, म्हणून तो त्यांचे गठ्ठे करतो. या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. बफर ६४ ठेवला तर एक गठ्ठा १.३३ मिलिसेकंदांचा होतो. २५६ ठेवला तर ५.३३, आणि १०२४ ठेवला तर २१.३३ मिलिसेकंदांचा.

आता मुख्य मुद्दा. एक गठ्ठा वाजून संपायच्या आत पुढचा गठ्ठा तयार असलाच पाहिजे. सगळे ट्रॅक, सगळे प्लगइन, सगळी बेरीज त्या १.३३ मिलिसेकंदांत झाली पाहिजे. हजारपैकी नऊशे नव्व्याण्णव वेळा नव्हे, प्रत्येक वेळी. एकदा उशीर झाला की 'टक्' ऐकू येतं. थिसिसची फाइल उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर काही बिघडत नाही. ऑडिओत दोन मिलिसेकंदांनी बिघडतं.

म्हणून ऑडिओच्या बाबतीत 'सरासरी वेग किती' हा प्रश्न अपुरा पडतो. 'सगळ्यात वाईट क्षणी मुदत पाळली जाते का' हा प्रश्न विचारायचा.

लहान बफर कधी लागतो? गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला स्वतःचाच आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमधे लगेच ऐकायचा असतो तेव्हा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर ठेवलेली पेटी ऐकण्यासारखा असतो. तिथपर्यंत बहुतेकांना चालतं, त्यापुढे गायक बिचकतो.

पण माझ्या गायकांच्या कानाला हेडफोन नव्हताच! ते नेहमीसारखं गात होते आणि हेडफोन माझ्या कानाला होता. मला आवाज वीस मिलिसेकंद उशिरा ऐकू आला असता तरी काय बिघडलं असतं? बफर १०२४ ठेवून, प्लगइन बंद करून, तोच लॅपटॉप दिवसभर चार ट्रॅक सहज रेकॉर्ड करतो. मी नंतर हे करून बघितलं. चूक सेटिंगची होती आणि औषध मी नव्या मशीनचं शोधत होते.

मग कोअर वाढवून काय होतं?

कामठीत विडीचा धंदा जुना. घरोघरी बायका विड्या वळायच्या, अजूनही काही घरांत वळतात. एक विडी घ्या. आधी तेंदूपत्ता कापायचा, मग तंबाखू भरून वळायची, मग टोक मोडायचं, मग दोरा बांधायचा. पान कापायच्या आधी दोरा बांधता येत नाही. दहा बायका बसल्या तर दहा विड्या एकाच वेळी होतात, पण म्हणून *एक* विडी दहापट लवकर होत नाही.

डीएडब्ल्यूमधला एक ट्रॅक म्हणजे ती एक विडी. त्या ट्रॅकवर आधी खरखर कमी करणारा प्लगइन, मग इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब लावलाय. कॉम्प्रेसरला इक्वलायझरमधून बाहेर पडलेला आवाज लागतो. तो हातात आल्याशिवाय त्याचं काम सुरूच होत नाही. त्यामुळे एका ट्रॅकची साखळी सहसा एकाच कोअरवर, क्रमाने चालते. वेगवेगळे ट्रॅक मात्र वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात. शेवटी सगळे ट्रॅक मास्टरला येऊन मिळतात आणि मास्टरवरचे प्लगइन पुन्हा एकाच रांगेत, सगळे ट्रॅक पोचल्यावरच.

कुणी विचारेल, विडीच्या कामात एकीने पानं कापायची आणि दुसरीने वळायची असंही होतंच की. तसं प्लगइन कोअरवर वाटता येणार नाहीत का? येतात. पण प्रत्येक हातबदलाला एका गठ्ठ्याइतका उशीर होतो. रेकॉर्ड झालेलं मिक्स करताना तो उशीर चालतो, कारण पुढे काय येणार हे सॉफ्टवेअरला माहीत असतं. रीपर तर न वाजलेला भाग आधीच तयार करून ठेवतो. पण समोर माणूस गातोय तेव्हा त्याने अजून न गायलेलं आधी तयार करणार कसं? म्हणून थेट रेकॉर्डिंगमधे जास्त कोअर फारसे कामी येत नाहीत. तिथे एका कोअरचा वेग आणि बफर हेच दोन आकडे बघायचे.

यातली एक फसगत लक्षात ठेवा. आठ थ्रेडचा कॉम्प्युटर आहे आणि टास्क मॅनेजर एकूण वापर १३ टक्के दाखवतोय. तुम्ही म्हणाल, मशीन तर रिकामं बसलंय. पण आठातला एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण वापर १२.५ टक्केच दिसणार. रिकामे सात काही करू शकत नाहीत, कारण काम त्या एकाच रांगेत अडकलंय.

अॅमडालचं गणित

हे सगळं एका सूत्रात बसतं. जीन अॅमडाल या अभियंत्याने १९६७ साली हा मुद्दा मांडला, म्हणून त्याला अॅमडालचा नियम म्हणतात. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो.

समजा तुमच्या मिक्सिंगचं ७० टक्के काम कोअरवर वाटता येतं आणि ३० टक्के येत नाही. एका कोअरला लागणारा वेळ १०० धरला तर चार कोअरवर ३० अधिक १७.५, म्हणजे ४७.५ लागतो. वेग २.१ पट झाला. आठ कोअरवर २.६ पट होतो. सोळा कोअरवर २.९ पट. आणि कोअर कितीही वाढवले तरी ३.३ पटीच्या पुढे जात नाही, कारण ते ३० तिथेच बसलेले असतात.

चारावरून आठावर गेलात तर काहीतरी पदरात पडतं. आठावरून सोळावर जाताना किंमत बरीच वाढते आणि हाती फार थोडं लागतं. त्याच पैशात चांगला माइक येतो, आणि आवाजाच्या संशोधनात माइकमुळे पडणारा फरक प्रत्येक फाइलमधे ऐकू येतो.

आता याच्या बरोबर उलट काम बघा. ६२ कॅसेटच्या ६२ फाइल आहेत आणि प्रत्येकीतून स्वराची पट्टी काढायची आहे. एका फाइलचा दुसरीशी काही संबंध नाही, म्हणजे जवळजवळ सगळं काम वाटता येतं. इथे आठ कोअरवर वेळ खरंच सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो. पायथन, प्राट किंवा तत्सम साधनांनी शेकडो फाइलवर एकच प्रक्रिया चालवणार असाल तर कोअरवर खर्च केलेला पैसा वसूल होतो.

आणि तिसरं काम, ज्यात कोअर पूर्ण निरुपयोगी आहेत: कॅसेट डिजिटल करणं. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच वाजते. हे काम माझ्या गाइडच्या जुन्या दोन कोअरच्या मशीनवर झालं. कॅसेटप्लेअरचं हेड साफ ठेवणं आणि त्याचा कोन जुळवणं याला तिथे जास्त महत्त्व होतं.

खोक्यावरचा आकडा

समजा कोअर हवेतच. तरी खोक्यावरचा आकडा तसाच धरू नका.

पहिली गोष्ट, कोअर आणि थ्रेड वेगळे. एका कोअरवर दोन थ्रेड असले तरी कामाची साधनं एकच असतात, ती दोघांत वाटली जातात. '१२ थ्रेड' म्हणजे बारा कोअर नव्हेत.

दुसरी गोष्ट, सगळे कोअर सारखे नसतात. इंटेलच्या २०२१च्या शेवटी आलेल्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच चिपमधे दोन जातींचे कोअर असतात: वेगवान पी-कोअर आणि वीज वाचवणारे ई-कोअर. अॅपलच्या २०२०च्या एम१ मधेही चार असे, चार तसे आहेत. उदाहरण घ्या. कोअर आय५-१२३५यू ही लॅपटॉपची चिप दहा कोअरची आहे, पण त्यात पी-कोअर दोनच, बाकी आठ ई-कोअर. कोअर आय५-१२४०० ही डेस्कटॉपची चिप सहा कोअरची, आणि सहाही पी-कोअर. पहिली १५ वॅटच्या हिशोबाने बनवलेली, दुसरी ६५ वॅटच्या. दोन्हीवर 'आय५, बारावी पिढी' असंच लिहिलेलं. फोनवरच्या त्या मुलीचा 'सहा की दहा' हा प्रश्न नेमका असाच होता. एका लांब प्लगइन-साखळीसाठी सहावाली चिप पुढे जाते. दहावाली वाईट नाही, ती बॅटरी जास्त वेळ टिकावी यासाठी केलेली आहे.

तिसरी गोष्ट, ऊन. ही आपल्याकडे पुस्तकांत लिहितात त्याहून मोठी आहे. चिप शंभर अंशांच्या आसपास पोचू लागली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मे महिन्यात कामठीत बाहेर ४५ अंश, खोलीत पंखा बंद, लॅपटॉप गादीवर आणि हवेची जाळी खालून दाबलेली. जाहिरातीतला वेग तिथे कसा टिकणार? माझी पहिली वीस मिनिटं ठीक गेली आणि मग टकटक सुरू झाली, त्याचं एक कारण हे होतं. थंड मशीनने जी मुदत जेमतेम पाळली, तीच तापलेल्या मशीनला पाळता येईना. म्हणून लॅपटॉप कडक पृष्ठभागावर ठेवा, ताट उलटं करून त्यावर ठेवला तरी चालेल. शक्य असेल तर रेकॉर्डिंग सकाळी ठेवा. आणि कुठलंही मशीन घेण्याआधी ते अर्धा तास सलग राबवून बघा. दुकानातल्या एसीत पाच मिनिटं चालवून काही कळत नाही.

मेमरी: कशाने भरते, कशाने भरत नाही

मेमरीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की रेकॉर्डिंग लांब म्हणजे मेमरी जास्त लागणार. तसं नाही. रेकॉर्ड होणारा आवाज थेट डिस्कवर जातो आणि वाजताना डिस्कवरून थोडाथोडा येतो. हिशोब करू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक ट्रॅक म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट. २४ ट्रॅक एकदम वाजवले तरी सेकंदाला साडेतीन एमबी. साधी हार्ड डिस्कही एवढं देते.

मेमरी भरते ती दोन कामांत.

एक, नमुन्यांवर चालणारी वाद्यं. तुम्ही संगीत रचत असाल आणि तबला, तानपुरा, व्हायोलिन, पियानो हे सॉफ्टवेअरमधून वाजवत असाल, तर प्रत्येक स्वराचे, प्रत्येक जोराचे रेकॉर्ड केलेले नमुने असतात. कळ दाबताक्षणी आवाज यायला हवा, म्हणून प्रत्येक नमुन्याची सुरुवात मेमरीत भरून ठेवतात आणि उरलेला भाग डिस्कवरून ओढतात. एकदोन वाद्यांना फार लागत नाही. पूर्ण वाद्यवृंद मांडायचा तर ३२ जीबीही अपुरी पडू शकते. एसएसडी चांगली असेल तर सुरुवातीचा तुकडा लहान ठेवता येतो आणि मेमरी वाचते.

दोन, विश्लेषण. इथे माझ्या ओळखीचे निम्मे लोक अडकलेत. एक तासाची, एका चॅनेलची फाइल ४८ किलोहर्ट्झला, ३२ बिट आकड्यांत मेमरीत घेतली की ०.६९ जीबी होते. त्यावर २०४८ नमुन्यांची खिडकी, ५१२ चं पाऊल ठेवून पूर्ण स्पेक्ट्रम काढला तर आणखी २.७७ जीबी. एका फाइलला साधारण साडेतीन जीबी. आता 'आठ कोअर आहेत ना' म्हणून आठ फाइल एकदम लावा. २८ जीबी झाली! मशीनमधे १६ आहे.

मग काय होतं? उरलेला माल कॉम्प्युटर डिस्कवर ठेवू लागतो. मेमरीला हात लावायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या हजारपट आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कला लाखपट. आठ कोअर डिस्ककडे तोंड करून बसून राहतात आणि एकेक फाइल लावली असती तर लवकर झालं असतं अशी गत होते. कोअर आणि मेमरी वेगवेगळ्या निवडायच्या गोष्टी नाहीत, त्या जोडीनेच बघायच्या.

पण थांबा, लगेच ३२ जीबी घेऊ नका. तासाभराची फाइल पाच-पाच मिनिटांच्या बारा तुकड्यांत वाचली तर एका वेळी ०.३ जीबीच लागते. आठ कोअरवर मिळून अडीच जीबीच्या आत. प्रोग्राममधे चार-पाच ओळी बदलायच्या, बस. विकतची मेमरी आणि चार ओळी, यात संशोधकाने आधी ओळी बदलून बघाव्यात.

डिस्कचा हिशोबही करून ठेवा. आवाजाच्या संग्रहांची आंतरराष्ट्रीय संस्था आयएएसए जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते, शक्य तिथे ९६ किलोहर्ट्झ. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल म्हणजे तासाला २.०७ जीबी. माझ्या ६२ तासांच्या १२९ जीबी झाल्या. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या घरात, म्हणजे साधारण ३९० जीबी. प्रती ठेवण्याचा खर्च कॉम्प्युटरच्या खर्चातच धरा, 'नंतर बघू' म्हणू नका.

खरेदीआधी काय मोजायचं

१. तुमच्या कामाची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: हे मुदतीचं काम आहे (थेट रेकॉर्डिंग), वाटता येणारं काम आहे (अनेक फाइल, अनेक ट्रॅक), मेमरीचं काम आहे (नमुन्यांची वाद्यं, मोठं विश्लेषण), की नुसतं वेळ खाणारं (कॅसेट डिजिटल करणं).

२. तुमच्या खऱ्या कामासारखा एक प्रोजेक्ट बनवा. लागतील तेवढेच ट्रॅक, लागतील तेच प्लगइन. हा पेन ड्राइव्हवर सोबत ठेवा.

३. विभागातल्या, मित्राच्या, चुलतभावाच्या, मिळेल त्या मशीनवर तो चालवा. रीपरमधे परफॉर्मन्स मीटर असतो. त्यात एकूण सीपीयू सोडून 'आरटी सीपीयू' बघा. बफरच्या मुदतीतला किती भाग खर्च झाला ते तो सांगतो. एकूण १५ टक्के आणि आरटी ९० टक्के असेल तर तुमची अडचण एका रांगेची आहे, कोअर वाढवून ती सुटणार नाही.

४. बफर २५६ आणि १०२४ अशा दोन्हींवर, अर्धा-अर्धा तास. पहिल्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत फरक पडतो का ते लिहून ठेवा.

५. मेमरीचा सर्वाधिक वापर किती झाला ते बघा. त्याच्या दीडपट मेमरी पुरते.

६. विंडोजवर एकच प्लगइन असून टकटक येत असेल तर लॅटन्सीमॉन हे फुकट साधन चालवा. पुष्कळदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी निघतो. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवल्याने बरेच प्रश्न मिटतात.

हे मोजमाप वाया जात नाही. यूजीसीच्या जेआरएफमधे मानव्य आणि सामाजिक शास्त्रांसाठी आकस्मिक निधी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आणि पुढे २०,५०० रुपये आहे. त्यात कॉम्प्युटर बसत नाही. म्हणजे विभागाकडे मागावं लागतं नाहीतर स्वतःच्या फेलोशिपमधून घालावं लागतं. विभागाकडे मागताना 'चांगला कॉम्प्युटर हवा' यापेक्षा 'माझ्या कामाला ११ जीबी मेमरी लागते, विभागातल्या मशीनमधे ८ आहे' असं आकड्यासकट लिहिलेलं पत्र लवकर मंजूर होतं. शिवाय हेच आकडे पुढे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लागतात: कुठला नमुनादर, किती बिट, कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती.

तरी पण, घ्यायचं काय?

मुलाखती, भजन, लोकगीतं यांचं रेकॉर्डिंग आणि वीसेक ट्रॅकपर्यंत मिक्सिंग: चार ते सहा वेगवान कोअर, १६ जीबी मेमरी, एसएसडी. जुनं डेस्कटॉप असेल तर मेमरी आणि एसएसडी टाकून आधी बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

शेकडो फाइलचं विश्लेषण: आठ वेगवान कोअर, ३२ जीबी. जमल्यास डेस्कटॉप, कारण तो गार राहतो आणि स्वस्त पडतो. त्याला यूपीएस मात्र लावा, रात्रभर चाललेलं काम पहाटे लाइट गेल्यावर परत करावं लागू नये.

नमुन्यांच्या वाद्यांवर संगीतरचना: सहा ते आठ कोअर पुरतात, पैसा ३२ जीबी किंवा त्याहून जास्त मेमरी आणि मोठ्या एसएसडीवर घाला.

लॅपटॉप घेताना एक प्रश्न नक्की विचारा: मेमरी बोर्डला कायमची जोडलेली आहे की खाचेत बसवलेली? कायमची असेल तर आज घ्याल तीच शेवटपर्यंत. खाच मोकळी असेल तर आज १६ घ्या, गरज पडली की वाढवा. आणि शक्यतो मेमरीच्या दोन सारख्या पट्ट्या बसवा. एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांतून माल ये-जा करायला जास्त वाट मिळते.

त्या मुलीने शेवटी विभागातल्या जुन्या डेस्कटॉपवर स्वतःचा प्रोजेक्ट चालवून बघितला. तो चालला. आता तिने मेमरीसाठी अर्ज केलाय आणि लॅपटॉपच्या पैशातून एक हातात धरायचा रेकॉर्डर घेतलाय. तो कॉम्प्युटरशिवाय, स्वतःच्या कार्डवर रेकॉर्ड करतो. मी पण आता कुठेही गेले की असा एक रेकॉर्डर वेगळा चालू ठेवते, लॅपटॉप कितीही चांगला असो.

आणि त्या गायकांची ती रचना? त्या दिवशी त्यांच्या नातवाने दारात उभं राहून मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. आवाज लांबून येतो, मधेच कुकरची शिट्टी आहे, पण कुठेही 'टक्' नाही. माझ्या प्रबंधात ती रचना त्याच फाइलवरून घेतलेली आहे, आणि तसं मी तळटीपेत लिहिलंय.